एक कुंडी, दोन भाडेकरू

मोगरा लावावा की सदाफुली? दोन्ही वर्षानुवर्षं जगणारी, दोन्ही आपल्या हवेला सरावलेली. पण तुमचं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं असेल, तर या प्रश्नाचं उत्तर नर्सरीत मिळत नाही...

गेल्या पाच वर्षांत मी पुण्यात चार घरं बदलली. पहिल्या शिफ्टिंगला दोन टेम्पो लागले होते, आता एकात भागतं. पुस्तकं वाटून टाकली, कपाट विकलं, जुना सोफा पुढच्या भाडेकरूच्या गळ्यात मारला. दर वेळी न चुकता बरोबर आली ती फक्त एक बारा इंची मातीची कुंडी. प्रत्येक टेम्पोवाला तिच्याकडे बघून तेच विचारतो, "ताई, ही पण न्यायची? मोगरा तर कुठल्याही नर्सरीत मिळतो की!"

मिळतो ना. कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. पण हा मिळत नाही.

हा मोगरा साताऱ्याला आजीच्या न्हाणीघरामागे होता. आंघोळीचं सगळं पाणी आपसूक त्याच्या मुळाशी जायचं, वरून दिवसभर ऊन. त्याला कुणी कधी विकतचं खत घातलेलं मला आठवत नाही. घर बिल्डरला द्यायचं ठरलं त्या पावसाळ्यात आईने त्याची एक खालची फांदी वाकवून मातीत दाबली, वर एक वीट ठेवली आणि विसरून गेली. दिवाळीपर्यंत फांदीला मुळं फुटली होती. तीच कापून, कुंडीत लावून, एसटीच्या सीटखाली ठेवून ती माझ्याकडे घेऊन आली. पुढच्या उन्हाळ्यात तिथे न्हाणीघरही नव्हतं आणि मोगराही.

मला तेव्हा एक गोष्ट माहीत नव्हती. आपल्याकडच्या मोगऱ्याला बी जवळजवळ धरतच नाही. म्हणजे तुम्ही आजवर पाहिलेला कुठलाही मोगरा आपला आपण उगवलेला नाही. कुणीतरी फांदी कापली, कुणीतरी ती लावली, कुणीतरी पुढे दिली. मूळ झाड गेलं आणि फांदी कुणी घेतली नसेल, तर तो मोगरा संपला. आजीच्या मोगऱ्याची एकच फांदी वाचली आणि ती होती कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर, डेडलाइनच्या आठवड्यात स्वतःला जेवायला विसरणाऱ्या एका मुलीकडे. झालं का टेन्शन?

दुसरा भाडेकरू न विचारता आला. पहिल्याच पावसाळ्यात मोगऱ्याच्या बुंध्याशी दोन पानांचं एक रोप दिसलं. तण समजून उपटणार होते, पण पानं गुळगुळीत, चकचकीत आणि मधोमध पांढरी शीर. आईला फोटो पाठवला. तिचं लगेच उत्तर, "सदाफुली आहे. उपट. मोगऱ्याचं खाईल ती." मी आज उपटते, उद्या उपटते करत राहिले आणि अडीच-तीन महिन्यांत तिला गुलाबी फूल आलं. मग रोजच यायला लागलं. मोगऱ्याला? शून्य. पहिल्या वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षीही शून्य.

लाडाने बिघडलेला

माझी समजूत अशी, की फूल येत नाही म्हणजे आपलं काहीतरी कमी पडतंय. मग मी वाढवत गेले. ऑफिसातल्या एकाने सांगितलं म्हणून युरिया. आणखी एकीने सांगितलं म्हणून गांडूळखत, ताक, चहाची पावडर, केळ्याच्या सालींचं पाणी. मोगरा असा काही तरारला, की विचारू नका! काळीभोर रुंद पानं, हातभर लांब फांद्या. बघणारे म्हणायचे, वा, काय छान झालंय झाड! आणि कळी एकही नाही. रोज जिमला जाणाऱ्या पण कामाच्या नावाने शंख करणाऱ्या मुलासारखं त्याचं झालं होतं.

शिवाय खालच्या मजल्यावरच्या काकू. माझ्या कुंडीचं पाणी त्यांच्या ग्रिलमध्ये वाळत घातलेल्या सांडग्यांवर पडलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर माझं नाव न घेता 'काही भाडेकरूंना' एक मोठा मेसेज आला. मी खाली ताट ठेवलं. ताटात पाणी साचून डास झाले. तेही ग्रुपवर आलं.

शेवटी एका जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात मी एका म्हाताऱ्या माळीबाबांना गाठलं. मोठ्या अभिमानाने खतांची यादी म्हणून दाखवली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "खत राहू द्या. ऊन सांगा."

"सकाळी साडेनऊपर्यंत येतं की!"

"आणि मग?"

"मग समोरची बिल्डिंग."

ते नुसतेच हसले. दोन तास उन्हावर मोगरा हिरवा राहतो, फुलत नाही, हे त्यांनी मला पाच वर्षांच्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. त्याला निदान पाच-सहा तास चांगलं कडक ऊन हवं. आणि युरियातलं नत्र पानं वाढवतं. झाड खाऊनपिऊन सुखी असलं की त्याला फुलायची गरजच वाटत नाही. हे त्यांचं वाक्य, पण शास्त्रही फार वेगळं काही सांगत नाही.

"त्याला उपाशी ठेवा," ते म्हणाले. "आत्ताच. जानेवारी गेला की वर्ष गेलं."

तर मोगऱ्याचा फंडा असा. त्याची फुलं येतात ती नव्या फुटीवर. जुन्या फांद्या कितीही जपल्या तरी त्या नुसत्या पानं मिरवतात. म्हणून थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, पाणी हळूहळू तोडायचं. जमिनीतल्या झाडाचं दोन-तीन आठवडे पूर्ण बंद करता येतं, कुंडीतल्याला मात्र माती अगदीच भेगाळली तर थोडं द्यायचं. पानं पिवळी पडून गळायला लागतात. गळली नाहीत तर ओरबाडायची. मग कात्री घेऊन झाड निम्म्यावर आणायचं, बारीक आणि वाळक्या काड्या पार काढून टाकायच्या, वरची दोन-तीन इंच माती मोकळी करून तिथे कुजलेलं शेणखत भरायचं आणि भरपूर पाणी द्यायचं. फेब्रुवारीत फूट, मार्चअखेर कळ्या, एप्रिल-मे बहर. पावसाळ्यात अधूनमधून चुकार फुलं येतात, पण खरा सीझन उन्हाळाच.

वाचायला सोपं वाटतं ना? आता हे अशा झाडावर करून बघा, ज्याची जगात दुसरी फांदी नाही. मी कात्री घेऊन बाल्कनीत अर्धा तास बसले होते. आईला फोन केला. ती म्हणाली, "काप गं. आजी तर कोयत्याने कापायची."

कापलं. पण ऊन कुठून आणणार? ते काही ऑनलाइन मागवता येत नाही. त्यामुळे पुढचं घर शोधताना मी प्रत्येक फ्लॅटच्या बाल्कनीत मोबाईलमधलं होकायंत्र धरून उभी राहायची. एजंटला वाटलं मॅडम वास्तू बघतायत. त्याने मनापासून ईशान्येचे फायदे सांगायला सुरुवात केली. मला हवी होती नैर्ऋत्य, समोर काही नसलेली. मिळाली. भाडं दीड हजाराने जास्त, ऑफिस चार किलोमीटरने लांब. मोगऱ्यासाठी घर बदललं असं घरमालकाला सांगायची हिंमत झाली नाही.

बिनमागणीची

या सगळ्या काळात सदाफुली काय करत होती? फुलत होती. त्याच कुंडीत, त्याच दोन तासांच्या उन्हात. थोडी उंच, लुकडी झाली होती हे खरं, कारण तिलाही ऊन आवडतंच. पण फुलांना खाडा नाही. मी दहा दिवस गावाला गेले, आले तर मोगरा माना टाकून बसलेला आणि ही बया एक पान मलूल, बाकी फ्रेश.

तिला मारायचं असेल तर एकच हमखास उपाय आहे, तिची काळजी घ्या. मी घेतली. नव्या घरी आल्यावर तिला वेगळी सुंदर रंगीत कुंडी घेतली, भोक छोटं होतं तिकडे दुर्लक्ष केलं आणि मोगऱ्याबरोबर तिलाही रोज तांब्याभर पाणी दिलं. जुलैत तिचा बुंधा काळा पडला आणि आठवड्यात ती गेली. सदाफुलीच्या मुळांना ओल सोसत नाही. पाणी साचलं की बुरशी लागते आणि झाड आडवं होतं. तिला निचरा होणारी हलकी माती, मोठं भोक आणि वरची माती वाळल्यावरच पाणी, एवढं बस्स. नर्सरीत मिळणाऱ्या मोठ्या फुलांच्या हायब्रिड सदाफुल्या तर आपल्या पावसात अजूनच नाजूक ठरतात. मिळाली तर जुनी गावठी गुलाबी किंवा पांढरी घ्या. रस्त्याकडेला, कंपाउंडच्या फटीत असते तीच. तीन-चार वर्षांत ती बुंध्याशी लाकडासारखी होते आणि शेंड्यालाच फुलते. तेव्हा निम्म्यावर छाटा किंवा सरळ नवं रोप वाढवा.

नवं रोप कुठून आणायचं, हा प्रश्नच येत नाही. फुलामागे दोन बारीक शेंगा जोडीने धरतात, त्या वाळून उकलतात आणि मोहरीपेक्षा लहान काळं बी जिथे जागा मिळेल तिथे पडतं. माझी सदाफुली मेली तेव्हा मोगऱ्याच्या कुंडीत तिच्या पाच मुली उगवलेल्या होत्या.

आपण तिला फुकटची समजतो, पण ही बाई मूळची आफ्रिकेजवळच्या मादागास्करची. तिथून जगभरच्या उष्ण मुलुखांत पसरली आणि आपल्याकडे इतकी रुळली, की गावाकडची वाटावी. तरी मान मात्र कुठेच नाही. हिला वास नाही, गजऱ्यात घेत नाहीत. केरळात तर तिचं एक नावच प्रेताशी जोडलेलं आहे. मोगऱ्याकडे ज्ञानेश्वरांचा अभंग आहे, लताबाईंचा आवाज आहे, पुण्यात दगडूशेठ गणपतीपुढचा मोगरा महोत्सव आहे. १९३४ पासून तो फिलिपिन्सचं राष्ट्रीय फूल आहे, १९९० पासून इंडोनेशियाचंही. सदाफुलीकडे काय आहे?

तिच्याकडे हॉस्पिटल आहे. १९५२ मध्ये जमैकातून काही पानं कॅनडातल्या एका डॉक्टरांकडे, क्लार्क नोबल यांच्याकडे आली. तिथले लोक मधुमेहावर या पानांचा काढा पितात, बघा काही निघतंय का, अशा निरोपासह. त्यांनी ती आपल्या संशोधक भावाला, रॉबर्ट नोबल यांना दिली. उंदरांवर प्रयोग झाले. साखरेवर काही विशेष परिणाम दिसला नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. रॉबर्ट नोबल आणि रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर यांनी त्यावरून उलटा विचार केला. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणं हाच तर रक्ताच्या कर्करोगाचा एक चेहरा! त्यातून व्हिनब्लास्टिन हाती आलं. त्याच काळात अमेरिकेतली एक औषध कंपनीही स्वतंत्रपणे याच झाडामागे लागली होती. तिथून व्हिनक्रिस्टिन आलं आणि १९६३ मध्ये ते अमेरिकेत मंजूर झालं. लहान मुलांच्या ल्युकेमियावरच्या उपचारांत ते आजही वापरलं जातं.

आणि हे औषध झाडात असतं तरी किती? अगदी नगण्य. ग्रॅमभर मिळवायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. म्हणून २०२२ मध्ये बर्कलीच्या जे कीस्लिंग यांच्या आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मिळून यीस्टमध्ये जनुकं घालून या औषधाचे घटक बनवून दाखवले, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली.

हे वाचलं आणि मी पहिला फोन केला तो जुन्या सोसायटीतल्या त्याच काकूंना. कारण त्या रोज सकाळी सदाफुलीची चार फुलं अनशापोटी चघळतात, शुगरसाठी. आपल्याकडे घरोघरी कुणी ना कुणी हे करतं. पण ज्या झाडातून केमोथेरपीचं औषध निघतं, ते झाड विषारी आहे. पान, फूल, मूळ, सगळंच. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. घरात रांगणारं मूल किंवा मांजर असेल तर सदाफुली उंचावर ठेवा, आणि मधुमेहासाठी डॉक्टरकडे जा. काकू म्हणाल्या, "तू मला सांडग्यांचं काय ते आधी सांग." पण फुलं खाणं थांबवलं म्हणे.

मग घ्यायचं काय?

तुम्ही आठवड्यातून तीन दिवस टूरवर असाल, बाल्कनी पूर्वेची किंवा अर्धी सावलीतली असेल आणि झाडाकडे बघून फक्त बरं वाटावं एवढीच अपेक्षा असेल, तर सदाफुली. दुसरा विचार करू नका. नऊवारीतल्या आजीबाईंना विचारा, एखादी शेंग फुकट देतील. बी मातीत अगदी वरवर टाका, चिमूटभर मातीने झाका, कारण तिला अंधारातच उगवायला आवडतं.

मोगरा घ्यायचा तर आधी रविवारी घरी बसून ऊन मोजा. अंदाज नको, घड्याळ लावून मोजा. पाच तास भरत नसतील तर गजरा विकत घ्या, जास्त सुखी राहाल. भरत असतील तर कुठला मोगरा तेही ठरवा. बटमोगऱ्याची फुलं गोल, गुबगुबीत, गुलाबासारखी भरगच्च. मदनबाणाच्या कळ्या लांब आणि टोकदार. हजारी घोसाने येतो. आजीचा साधा, थोड्या पाकळ्यांचा, आणि माझ्या मते वासाला सगळ्यांत सरस. अर्थात हे मत निःपक्षपाती नाही. कळ्या जांभळट पडून गळायला लागल्या तर आत अळी असते. त्या कळ्या तोडून नष्ट करायच्या, बाल्कनीतल्या एका झाडाला एवढं पुरतं. बहर असताना मात्र पाण्याला खाडा चालत नाही. एप्रिलमध्ये लाँग वीकेंडला गेलात तर किल्ली शेजारी द्या. नाहीतर कळ्या झडलेल्या दिसतील.

आणि फूल टिकतं किती? संध्याकाळी उमलतं, दुसऱ्या दिवशी कोमेजतं. म्हणून बाजारासाठी तोडतात त्या कळ्याच. पालघरच्या जव्हार-विक्रमगड भागातले आदिवासी शेतकरी कळ्या खुडून दादरच्या फुलबाजारात पाठवतात आणि त्या उमलतात लोकलमधल्या कुणाच्या तरी केसांत. तुम्ही कॅफेत महागडा जास्मिन टी पिता ना, तोही असाच होतो. चीनमध्ये याच मोगऱ्याच्या कळ्या दिवसा तोडून रात्री चहाच्या पानांत मिसळतात आणि त्या उमलताना सुटलेला वास चहा पिऊन घेतो. सदाफुलीचं एकेक फूल दोन-चार दिवस राहतं आणि एक गळेपर्यंत दुसरं हजर असतं. शो हवा असेल तर तिच्याशी स्पर्धा नाही. पण रात्री साडेदहाला लॅपटॉप मिटून तुम्ही बाल्कनीचं दार उघडता, तेव्हा सदाफुली दिसत नाही. मोगरा दिसत नसला तरी कळतो.

तिसऱ्या वर्षी, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, माझ्या मोगऱ्याला सात कळ्या आल्या. संध्याकाळी तीन उमलल्या. आईला व्हिडिओ कॉल लावला. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "वास तोच आहे का गं?"

मला आठवेना. साताऱ्याचं न्हाणीघर आठवलं, ओला दगड आठवला, तांब्याच्या बंबाचा धूर आठवला, पण मोगऱ्याचा नेमका वास वेगळा काढता येईना. मी म्हटलं, "हो, तोच." तिने फोन ठेवल्यावर मी एक फूल रुमालात गुंडाळून सकाळच्या कुरियरने तिला पाठवलं. पोचेपर्यंत ते तपकिरी झालं होतं. ती म्हणाली, चालेल.

सदाफुलीच्या मुलींपैकी दोन मी ठेवल्या, तीन वाटल्या. परवा जुन्या सोसायटीतल्या काकूंचा फोन आला. माझा नंबर त्यांच्याकडे अजून आहे याचंच मला आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, "तुझी सदाफुली माझ्या ग्रिलच्या कोपऱ्यात उगवलीय. पाइपाशेजारच्या फटीत, माती नाही की काही नाही. चांगली वीतभर झालीय, फूल आलंय. उपटू की ठेवू?"

"ठेवा. पण चघळायची नाही."

"नाही गं, नुसती बघायला." मग जरा थांबून, "तो मोगरा फुलला का तुझा?"

फुलला म्हटलं.

"मग पाऊस सुरू झाला की एक फांदी आण. माझ्या किचनच्या बाजूला दुपारी चांगलं ऊन असतं."

जूनमध्ये पेन्सिलएवढ्या जाडीच्या, चार डोळ्यांच्या दोन फांद्या कापायच्या, खालची पानं काढायची, दोन डोळे मातीत आणि दोन वर. एक काकूंसाठी. दुसरी लागली तर साताऱ्याला, आईच्या नव्या फ्लॅटवर.